पीटीओ शाफ्टचा झिजलेला क्रॉस : तो ओळखावा कसा व बदलावा कसा

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातील शेती ही मुख्यतः भाताची शेती होय. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत डोंगराच्या उतारावर पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेली लहान लहान खाचरे हे या मुलखाचे वैशिष्ट्य आहे. पूर्वी या खाचरांतील चिखलणी बैलांच्या औतावर होत असे. आता दावणीची बैलजोडी पुष्कळ घरांतून गेली आहे आणि तिच्या जागी लहान ट्रॅक्टर व त्यामागे जोडलेला रोटाव्हेटर आला आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे यंत्र नाही ते शेतकरी ते तासाच्या भाड्याने आणतात. त्यामुळे गावातील एखाददुसऱ्या यंत्रावर अनेक कुटुंबांची लावणी अवलंबून असते.

हे यंत्र ऐन आषाढात बंद पडले म्हणजे काय होते, हे वाचकांस सांगावयास नकोच. रोपे साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांची असताना लावावीत अशी शिफारस आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला व आपल्या भागात रुजलेला इंद्रायणी वाण असो किंवा जुना आंबेमोहोर असो, तरवा जून झाला की फुटवे कमी येतात आणि त्या मानाने लोंब्याही कमी येतात. यंत्र चार दिवस उभे राहिले व पुढे पावसाने आठवडाभर ओढ दिली, तर त्या शेतकऱ्याचा हंगाम मागे पडतो तो पडतोच.

माझ्या पाहण्यात अशा वेळी इंजिन क्वचितच बिघडलेले असते. बिघडलेला असतो तो ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांमधील पीटीओ शाफ्टचा क्रॉस. वस्तू तळहातात मावणारी व यंत्राच्या मानाने अगदी स्वस्त आहे. मे महिन्यात दहा मिनिटे दिली तर तिची झीज हाताला कळते, आणि दोन तासांत ती गावातच बदलता येते. म्हणून या लेखात केवळ तिचाच विचार केला आहे. पॉवर टिलरच्या फिरत्या पात्यांना शक्ती साखळीने अथवा दातेरी चाकांनी मिळते, त्यास असा शाफ्ट नसतो. सबब पॉवर टिलरधारकांस यातील फारसे काही लागू पडणार नाही.

प्रथम रचना समजून घेऊ. ट्रॅक्टरच्या पाठीमागे पीटीओचे जे दातेरी टोक असते तेथून रोटाव्हेटरच्या गिअरपेटीपर्यंत शक्ती नेणारा हा दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा बनलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा असतो. प्रत्येक सांध्यात दोन दुबेळके योक समोरासमोर येतात, आणि त्यांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा म्हणजे क्रॉस. क्रॉसच्या चार भुजांवर चार वाट्या बसतात. वाटीच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांची रांग असते. वाटी योकच्या भोकातून बाहेर निसटू नये म्हणून तिला लॉक लावलेले असते. क्रॉसच्या पोटात बारीक मार्ग असून एका निपलातून भरलेले ग्रीस त्या मार्गांनी चारही वाट्यांत पोहोचते.

या सांध्याचा एक स्वभाव आहे आणि तो जाणल्यावाचून क्रॉस का झिजतो हे कळणार नाही. ट्रॅक्टरकडील बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली, तरी सांधा वाकलेला असताना पुढची बाजू एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते व दोनदा मागे रेंगाळते. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटास ५४० फेरे धरला आणि सांध्यात १० अंशांचा कोन असला, तर पुढची बाजू ५३२ ते ५४८ या वेगांमध्ये हेलकावते. हा फरक यंत्र सहज पचविते. कोन ३० अंशांचा झाला की तोच वेग ४६८ ते ६२४ असा वरखाली होऊ लागतो. सेकंदास नऊ फेरे, म्हणजे सेकंदास अठरा हिसके त्या बारीक सुयांवर बसतात.

आता आपल्या खाचरांचा विचार करावा. बारामती-इंदापूरकडील सपाट रानात रोटाव्हेटर एकदा जमिनीला लागला की लांबच लांब तास घेतो. आपल्याकडे वीस-पंचवीस पावलांवर बांध येतो. तेथे चालक रोटाव्हेटर उचलतो, वळतो व पुन्हा टेकवितो. दिवसातून ही उचल कितीदा होते ते मोजून पाहावे. बहुतेक चालक पीटीओ चालू ठेवूनच उचलतात, कारण प्रत्येक वेळी तो सोडणे व पुन्हा जोडणे त्यांस कंटाळवाणे वाटते. उचललेल्या अवस्थेत सांध्याचा कोन सर्वांत मोठा असतो आणि नेमका त्याच वेळी शाफ्ट पूर्ण वेगात फिरत असतो. त्यात भर म्हणून खाचरातील गढूळ पाणी वाट्यांच्या कडेने आत शिरून ग्रीस धुऊन काढते. माझे मत असे आहे की आपल्या भागातील क्रॉस वयाने मरत नाहीत, ते बांधावर मरतात. वळणावर पीटीओ सोडण्यास जो अर्धा क्षण लागतो त्याची खंत चालकाने करू नये. निदान इंजिनाचा वेग उतरवून आणि रोटाव्हेटर लागेल तेवढाच उचलून वळावे.

झिजलेला क्रॉस कसा ओळखावा

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी रोटाव्हेटर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी आणि पीटीओचा दांडा सुट्या स्थितीत आणावा. किल्ली ट्रॅक्टरला राहिली व कोणी पोर वर चढले, एवढ्यानेच अनर्थ होऊ शकतो.

मग एका हाताने योक घट्ट धरावा व दुसऱ्या हाताने नळी धरून ती उलटसुलट पिळावी, नंतर वरखाली हलवावी. चांगला क्रॉस या वेळी मुळीच दाद देत नाही. झिजलेल्या क्रॉसमध्ये बारीक ‘टक्’ असा आवाज येतो व हातास ढिलेपणा जाणवतो. मात्र येथे घाई करू नये. पीटीओच्या टोकावरील दाते व सरकत्या नळ्याही काहीशा सैल असतात आणि तो सैलपणा क्रॉसचाच आहे असे वाटते. यास्तव डोळा वाटीवर ठेवावा. नळी पिळताना क्रॉसची भुजा वाटीच्या आत हलत असेल, किंवा वाटीच योकच्या भोकात हलत असेल, तर दोष सांध्याचा होय. वाटी स्थिर असून हालचाल केवळ दात्यांत असेल, तर क्रॉस निर्दोष समजावा.

दुसरी खूण डोळ्यास दिसणारी आहे. वाटीच्या कडेस तांबूस, कुंकवासारखी बारीक पूड जमलेली असेल तर आतील ग्रीस संपून पोलाद पोलादावर घासत आहे असे जाणावे. वाटीवर निळसर झाक आली असेल तर ती अतिशय तापून गेली आहे. लॉक नाहीसे झाले असेल किंवा वाटी थोडीशी बाहेर डोकावत असेल, तर तो शाफ्ट एक तासही चालवू नये.

तिसरी परीक्षा ग्रीसगनची. निपलातून ग्रीस भरत असता ते चारही वाट्यांच्या कडांतून थोडे थोडे बाहेर आले पाहिजे. तीन वाट्यांतून आले व चौथीतून आले नाही, तर त्या चौथीकडे जाणारा मार्ग बुजलेला आहे. पुष्कळ जण तीन बाजूंनी ग्रीस दिसले की समाधान मानतात. सर्वांत आधी जाणारी वाटी तीच चौथी असते.

चालू यंत्रावरील लक्षणांत आवाज व थरथर ही दोन मुख्य होत. पीटीओ जोडताच एक ठोका बसणे, कमी वेगात ‘कटकट’ ऐकू येणे, उचलताना घरघर वाढणे ही क्रॉसची लक्षणे आहेत. परंतु थरथर इतर कारणांनीही होते. एखादे पाते तुटले असेल, पात्यांचा दांडा वाकला असेल किंवा त्यावर तारेचे भेंडोळे गुंडाळले असेल, तरीही यंत्र थरथरते. भेद असा करावा : रोटाव्हेटर किंचित उचलून, सर्व माणसे दूर उभी करून, यंत्र अल्प वेगात चालवावे व मग तो थोडा थोडा वर न्यावा. उंचीबरोबर थरथर वाढत गेली तर दोष सांध्यात आहे. कोणत्याही उंचीवर ती तशीच राहिली तर पात्यांकडे पाहावे. गिअरपेटीच्या पुढील ऑइलसीलमधून तेल गळू लागले असेल, तर झिजलेल्या क्रॉसने आतील बेअरिंगासही धक्के दिले असण्याचा संभव आहे. मग खर्च क्रॉसपुरता राहत नाही.

हेच तत्त्व ज्यांच्या घरी लहान मोटार आहे त्यांनाही उपयोगी पडेल, कारण दूध व भाजी भोरला पोहोचविण्यासाठी अशा मोटारी आता गावोगाव वापरल्या जातात. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत शक्ती पुढील चाकांना मिळते आणि प्रत्येक चाकाच्या दांड्यास दोन सांधे असतात. मोटारीतील सांध्याची रचना अशी केलेली असते की वर सांगितलेला वेगाचा हेलकावा त्यात उत्पन्न होत नाही. गिअरपेटीजवळचा आतला सांधा बहुधा तीन रोलरांचा असून ते रोलर खोबणीत मागेपुढे सरकतात. चाकाजवळचा बाहेरचा सांधा झिजला तर चाक पूर्ण वळवून गाडी चालविताना ‘कटकट’ होते. आतला झिजला तर सरळ रस्त्यावर, विशेषतः वरंधा घाटासारख्या चढावर जोर देताना गाडी थरथरते व पाय सोडताच थरथर कमी होते. दोहोंच्या नाशाचे कारण एकच : वरील रबरी बूट फाटतो, ग्रीस निघून जाते व चिखल आत शिरतो. फाटलेला बूट वेळीच बदलला तर सांधा वाचतो. मोटारीचा दांडा काढण्याचे काम मात्र गॅरेजातच करून घ्यावे. शाफ्टचे काम आपण स्वतः करू शकतो, म्हणून पुन्हा त्याकडे वळू.

क्रॉस बदलण्याची रीत

शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही नळ्यांवर एका सरळ रेषेत रंगाची खूण करावी. ही खूण पुढे फार महत्त्वाची ठरते. मग दोन्ही टोकांच्या लॉकपिना दाबून शाफ्ट ओढून घ्यावा. गंजाने तो अडकला असेल तर डिझेल सोडून थोडा वेळ थांबावे आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोके द्यावेत. वरील प्लास्टिकचे आवरण काळजीपूर्वक उतरवून बाजूस ठेवावे. ते फेकून देऊ नये.

चारही लॉक पकडीने काढावेत. एखादे निघत नसेल तर त्या वाटीवर वरून एक हलका ठोका द्यावा, म्हणजे लॉकवरील दाब सुटतो. त्यानंतर योक शिकंजात असा धरावा की एका बाजूच्या वाटीखाली तिच्याहून मोठ्या भोकाचा पाना किंवा नळीचा तुकडा येईल. मग वरच्या बाजूस वाटीहून लहान पाना ठेवून दाबावे किंवा ठोकावे. खालची वाटी खालच्या नळीत उतरते. योक उलटा करून दुसरी वाटी तशीच काढावी. हातोडा कधीही योकच्या कानावर मारू नये. कान वाकला की दोन भोके एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस कितीही चांगला असला तरी तो त्यात अडकूनच फिरतो.

नवा क्रॉस आणताना ट्रॅक्टरचे नाव सांगून भागत नाही, कारण शाफ्ट रोटाव्हेटरबरोबर आलेला असतो व त्याचे माप निराळे असू शकते. दोन मापे लागतात. पहिले वाटीचा बाहेरील व्यास आणि दुसरे समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या टोकांमधील लांबी. उदाहरणार्थ, २७ × ७४.६ मिलिमीटर आणि ३०.२ × ८० मिलिमीटर ही दोन प्रचलित मापे आहेत. डोळ्यास ती जवळजवळ सारखीच दिसतात, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जुना क्रॉस चारही वाट्यांसह दुकानात न्यावा हे उत्तम.

योकची भोके बारीक पॉलिशपेपरने साफ करून त्यात नवी वाटी लावून पाहावी. ती दाब दिल्यावरच आत गेली पाहिजे. अंगठ्याने सहज सरकून आत डुलू लागली, तर योकच झिजला आहे व तो बदलणे प्राप्त आहे. अशा वेळी काही ठिकाणी भोकाच्या कडेस पंच मारून, पत्र्याची पट्टी घालून किंवा वाटीला वेल्डिंगचा टाका देऊन वेळ मारून नेली जाते. असा सांधा लावणी संपेपर्यंत टिकला तरी नशीब समजावे, आणि वेल्डिंग केलेला योक पुढे कोणत्याच कामाचा राहत नाही.

बसविताना नव्या वाट्यांतील सर्व सुया जागेवर उभ्या आहेत व त्यांस ग्रीस लागलेले आहे हे पाहावे. निपल ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूस यावे. एक वाटी अर्धी आत दाबावी आणि क्रॉसची भुजा आतून तिच्यात घालून मगच पुढे दाबावी, म्हणजे सुया पडत नाहीत. लॉकची खाच दिसू लागली की लॉक बसवावे व समोरच्या बाजूस तेच करावे. खाच पूर्ण उघडत नसेल तर निश्चित समजावे की एखादी सुई वाटीच्या तळाशी आडवी पडली आहे. जोराने ठोकू नये, वाटी पुन्हा काढून पाहावी. चारही लॉक बसल्यावर सांधा बोटांनी दोन्ही दिशांना वळला पाहिजे. किंचित घट्ट वाटला तर योकवर लाकडी हातोडीने एकदोन हलके ठोके द्यावेत. त्याने वाट्या लॉकला जाऊन टेकतात व सांधा मोकळा होतो. शेवटी चारही कडांतून ग्रीस येईपर्यंत भरावे. लिथियमचे क्रमांक दोनचे ग्रीस यास योग्य आहे.

आता त्या रंगाच्या खुणेचे महत्त्व. वाकलेला सांधा वेगात जो हेलकावा निर्माण करतो तो दुसऱ्या टोकाचा सांधा उलट दिशेने भरून काढतो, परंतु त्यासाठी नळ्यांच्या आतल्या टोकांवरील दोन्ही योक एकाच पातळीत असावे लागतात. तिकोनी नळ्या एकमेकींत तीन प्रकारे बसतात व त्यांतील एकच प्रकार बरोबर असतो. चौकोनी नळ्या चार प्रकारे बसतात, त्यांतील दोन बरोबर असतात. खूण नसेल तर शाफ्ट जमिनीवर ठेवून दोन्ही योकचे कान एका रेषेत आहेत ना हे नजरेने पाहावे. ते चुकले तर दोन्ही सांध्यांचे हेलकावे एकमेकांस भिडतात, आणि नवा क्रॉस जुन्याहून लवकर जातो. असे झाले की लोक दुकानदारास दोष देतात. त्याचप्रमाणे वरचा दुवा, म्हणजे टॉपलिंक, असा ठेवावा की काम करताना ट्रॅक्टरचे पीटीओ व रोटाव्हेटरच्या गिअरपेटीचे टोक एकमेकांस समांतर राहतील. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असल्यासच हेलकावा भरून निघतो.

शाफ्ट लावल्यावर लॉकपिन पूर्ण बाहेर आली आहे ना हे योक हाताने ओढून पाहावे. इंजिन बंद ठेवून, रोटाव्हेटर अगदी टेकलेल्या व अगदी उचललेल्या स्थितीत, दोन्ही वेळा नळ्यांची लांबी पाहावी. सर्वांत आखूड स्थितीत नळ्या तळास टेकता कामा नयेत, निदान बोटभर जागा हवी. सर्वांत लांब स्थितीत निदान एकतृतीयांश लांबी एकीत एक गुंतलेली असावी. जादा भारास तुटण्यासाठी जो बोल्ट ठेवलेला असतो तो तुटल्यास त्याच ताकदीचा नवा घालावा. जाड किंवा कडक बोल्ट घातला की दगड लागताच तुटण्याची पाळी क्रॉसवर येते.

प्लास्टिकचे आवरण व त्याच्या साखळ्या लावल्याशिवाय यंत्र खाचरात नेऊ नये. याविषयी आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. शाफ्ट सेकंदास नऊ फेरे घेतो. त्याचा व्यास सात सेंटिमीटर धरला तरी तो सेकंदास सुमारे दोन मीटर कापड गुंडाळतो. पावसात अंगावर घेतलेला प्लास्टिकचा कागद, घोंगडीची दशी, तरवा वाहणाऱ्या बाईच्या लुगड्याचा पदर यांपैकी काहीही त्यात सापडले, तर ओढून घेण्यास किंवा चालकास हाक मारण्यास अवधी मिळत नाही. बाहेर आलेले लॉक किंवा निपलाचे टोक हे कापड पकडणारे आकडेच होत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाड्याने यंत्र देणाऱ्या प्रत्येकाकडे हे आवरण आहे की नाही, हे हंगामापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

हंगामात चिखलणीच्या दिवसांत दोन्ही क्रॉसना रोज एकदा, म्हणजे सुमारे आठ तासांच्या कामानंतर, ग्रीस द्यावे. ते सायंकाळी काम संपल्यावर द्यावे, सकाळी नव्हे. दिवसभरात आत शिरलेले पाणी त्यामुळे रात्रभर सुयांपाशी न राहता बाहेर ढकलले जाते. सरकत्या नळ्यांसही ग्रीसचा हात फिरवावा. लावणी उरकल्यावर शाफ्ट काढून धुऊन, ग्रीस भरून, पडवीत आडवा टांगून ठेवावा. मापाचा एक क्रॉस, चार जादा लॉक व ते तुटणारे दोन बोल्ट एका डब्यात ट्रॅक्टरबरोबर ठेवावेत आणि डब्याच्या झाकणावर क्रॉसची दोन्ही मापे रंगाने लिहून ठेवावीत.